सांत्वनभेट आणि ‘पात्र’ हा शब्द

विदर्भात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर पुढारी घरी येतो, ओसरीवर सतरंजीवर बसतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो. या भेटींना आता इतकी वर्षे झाली की त्या कायमच होत्या असे वाटते. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवले. या प्रश्नाची सुरुवात सहसा तिथून धरतात. पण नेत्यांच्या गाड्यांची रीघ लागली ती पुढे, २००५-०६ च्या सुमारास.

डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत ठरवली. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार पोस्टात किंवा बँकेत ठेव म्हणून. जुलै २००६ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी विदर्भात येऊन अशा घरांतल्या बायकांचे म्हणणे ऐकले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात निम्म्याहून अधिक रक्कम सिंचनासाठी होती, तर थकीत व्याजमाफीला ७१२ कोटी. ओसरीवर बसलेल्या बाईचा प्रश्न मात्र पेरणीच्या बियाण्याचा आणि दारात येणाऱ्या सावकाराचा होता.

खरा गुंता ‘पात्र’ या शब्दाचा आहे आणि त्यावर थोडे थांबायलाच हवे. तलाठी, पोलीस, तहसीलदार यांचे अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातात आणि प्रकरण मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. शेती सातबाऱ्यावर आहे का? कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का? ते थकले होते का, वसुलीचा तगादा होता का? कागदावर हे प्रश्न साधे दिसतात. पण दुसऱ्याची जमीन मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. ज्याला बँकेने दारातूनच परत पाठवले त्याने कर्ज घेतले ते परवाना नसलेल्या माणसाकडून, बहुतेक तोंडी बोलीवर. त्याचा पुरावा बायकोने कुठून आणायचा? अमरावती विभागात निम्म्याच्या आसपास प्रकरणे अपात्र ठरत आली आहेत. अपात्रतेचा खरा घाव पैशापेक्षा खोल असतो. आयुष्यभर मातीत राबलेला माणूस शेतीपायी गेला नाही, असा सरकारी शेरा त्याच्या घरावर बसतो. माझ्या मते या सगळ्या धोरणातला सर्वांत निर्दय भाग हाच.

याचे सर्वांना माहीत झालेले उदाहरण २००८ चे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विधवेच्या घरी एक तरुण खासदार गेले आणि जुलैमध्ये लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना, अणुऊर्जेच्या बाजूने, त्यांनी तिचा उल्लेख केला. तिचे नाव देशभर झाले, मागोमाग पत्रकार आले, मदतही आली. पण तिच्या नवऱ्याचा मृत्यू सरकारी दफ्तरात अपात्रच होता, कारण कसलेली जमीन मक्त्याची होती. त्याच साली आलेल्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर होती. कोरडवाहू विदर्भात तेवढ्या जमिनीवर घर चालत नाही आणि त्याहून थोडी जास्त जमीन असलेले पूर्ण माफीतून वगळले गेले.

त्यानंतर सत्ता बदलल्या, कर्जमाफ्या आल्या, विरोधी बाकांवरचे सत्तेत आले आणि सत्तेतले ओसरीवर दिसू लागले. एक लाखाची रक्कम मात्र वर्षानुवर्षे तीच राहिली. २००५ मध्ये लाखात जे भागत होते ते दहा वर्षांनी भागत नव्हते, आणि पाच लाखांची मागणी अधूनमधून होत राहिली.

२०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला काही शेतकरी आणि त्यांचे सोबती चिलगव्हाणच्या त्या कुटुंबासाठी एक दिवस अन्न घेत नाहीत.