गाडीचं छत म्हणजे अर्धा अँटेना

गाडीत हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा आपसात बोलायचा रेडिओ सेट, बसवायचा ठरला की पहिली चौकशी वॉटची होते. हातातला सेट ५ वॉटचा, गाडीतला ५० वॉटचा, म्हणजे आवाज दहापट लांब जाणार, असा सरळ हिशोब लोक मांडतात. तो चुकीचा आहे. दहापट शक्ती म्हणजे १० डेसिबल. समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक घर चढायला चौपट शक्ती लागते, त्यामुळे दहापट वॉट ओतूनही काटा पुरती दोन घरं सरकत नाही. शिवाय असे सेट ज्यांवर चालतात त्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरी साधारणपणे क्षितिजापर्यंतच जातात. दीड मीटर उंचीवरच्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं, १०० मीटर उंचीवरच्या रिपीटरचं (आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणाऱ्या केंद्राचं) सुमारे ४० किलोमीटरवर. गाडीतला सेट हातातल्यापेक्षा सरस ठरतो त्याचं मोठं कारण म्हणजे त्याचा अँटेना पत्र्याच्या पिंजऱ्याबाहेर, छतावर असतो.

आणि छत ही अँटेना उभा करायची नुसती जागा नव्हे. ते अँटेनाचाच अर्धा भाग असतं. या सगळ्या विषयातली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबू या.

हॅम मंडळींचा लाडका पट्टा २ मीटरचा. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २०७ सेंटिमीटर भरते, तिचा चौथा हिस्सा ५२. प्रत्यक्षात काडी पाचेक टक्के आखूड ठेवतात, म्हणजे ४९ सेंटिमीटर. आता या काडीत विद्युतप्रवाह वर चढायचा असेल, तर तेवढाच प्रवाह दुसरीकडून यायला हवा. तो छतातून येतो. केबलची मधली तार काडीला जोडलेली असते आणि बाहेरची जाळी छताला. काडीत प्रवाह वर निघाला की छताच्या पृष्ठभागावरून चहूबाजूंनी प्रवाह तिच्या बुंध्याकडे धावतो. चांगल्या वाहकाच्या पृष्ठभागावर, त्याला समांतर असं विद्युतक्षेत्र टिकू शकत नाही. ही अट पाळताना छतातले इलेक्ट्रॉन असे हलतात की वरच्या बाजूला तयार होणारं क्षेत्र, छताखाली तशीच दुसरी काडी उलटी टांगली असती तर जसं झालं असतं, तसंच होतं. पत्रा आरशासारखा वागतो आणि अर्ध्या अँटेनाचा पूर्ण अँटेना होतो.

गणितही याला दुजोरा देतं. पूर्ण अर्धलहरी डायपोलचा (अशा दोन काड्या मिळून होणाऱ्या अँटेनाचा) रोध सुमारे ७३ ओहम असतो. आपल्या काडीतून तेवढाच प्रवाह गेला तरी लहरी फक्त वरच्या अर्ध्या अवकाशात जातात, शक्ती निम्मी लागते, म्हणून रोधही निम्मा, ३६.५ ओहम. केबल ५० ओहमची. या तफावतीने एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचं माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३७ येतो आणि परत फिरणारी शक्ती अडीच टक्क्यांहून कमी राहते. काळजीचं कारण नाही.

आदर्श गणितात पत्रा अमर्याद असतो. गाडीवर काडीभोवती सगळीकडे अर्धा मीटर पत्रा मिळाला तरी काम छान होतं, म्हणून छताचा मध्य ही सर्वात चांगली जागा. डिकीच्या कडेला अँटेना लावला, तर ज्या दिशेला पत्रा जास्त पसरलेला असतो तिकडे सिग्नल जास्त जोरात जातो. छत काचेचं किंवा फायबरचं असेल तर पत्र्यावर विसंबून नसलेला अर्धलहरी अँटेना घ्यावा.

पण चुंबकी बैठकीचा अँटेना तर रंगावर बसतो, पत्र्याला शिवतही नाही. मग जाळी छताला जोडली कशी जाते? बैठक, रंगाचा थर आणि पत्रा मिळून कपॅसिटर तयार होतो. आठ सेंटिमीटर व्यासाची बैठक आणि मधलं अंतर पाव मिलिमीटर धरलं, तर धारकता पाचशे पिकोफॅरडच्या आसपास येते. १४५ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम २ ओहम, म्हणजे जवळजवळ थेट जोडणीच. ७ मेगाहर्ट्झला मात्र तोच अडथळा चाळीस ओहमच्या पुढे जातो. म्हणून एचएफसाठी, म्हणजे अशा कमी वारंवारतेच्या पट्ट्यांसाठी, बैठक स्क्रूने थेट बॉडीला जोडणं बरं.

हे एकदा समजलं की मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ सोनेरी स्टिकर पाहून चीड येते. कशालाही न जोडलेल्या त्या पन्नीच्या वेष्टनावर शास्त्राचे शब्द छापलेले असतात, एवढंच.

काडी कापताना घाई नको. १ मिलिमीटर कापलं की अनुनादाची वारंवारता (जिथे काडी सर्वात चांगली जुळते ती) साधारण ०.३ मेगाहर्ट्झने वर सरकते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला एसडब्ल्यूआर कमी आणि वरच्या टोकाला जास्त दिसत असेल, तर काडी लांब आहे.

विजेचं थोडक्यात. ५० वॉटचा सेट बोलताना दहाएक अँपिअर ओढतो. वायरिंगमध्ये ०.१ ओहम रोध असला तरी एक व्होल्ट वाटेतच जातो, म्हणून लायटरच्या सॉकेटवर भिस्त नको. पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळच लावावा. वायर वाटेत घासून शॉर्ट झाली, तर सेटजवळचा फ्यूज काही वाचवू शकत नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट सेन्सर असतो, तेव्हा निगेटिव्ह वायर बॉडीच्या अर्थ पॉइंटला जोडावी. एअरबॅग उघडण्याच्या वाटेत सेट किंवा केबल येता कामा नये.

राहिलं प्रोग्रॅमिंग. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर बोलतो. २ मीटरवर दोन्हींत सहसा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. म्हणून प्रत्येक चॅनेलमध्ये वारंवारता, ऑफसेट (हेच अंतर), त्याची दिशा आणि टोन भरावा लागतो. हा टोन म्हणजे ६७ ते २५४ हर्ट्झमधला एक अखंड सूर. सेटमधला फिल्टर ३०० हर्ट्झखालचा आवाज गाळतो, त्यामुळे तो कानाला जाणवत नाही. ठरलेला सूर आला तरच रिपीटर जागा होतो. टोन लावला की बोलणं खाजगी होतं, हा समज निखालस खोटा आहे. आपल्या सेटवर टोनची अट न ठेवणाऱ्या कुणालाही सगळं ऐकू येतं.

केबल जोडून चर्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरने चॅनेल भरणं सोपं जातं. आधी सेटमधला मजकूर वाचून त्याची प्रत जपून ठेवावी, मगच नवा लिहावा. सुरुवातीला टोन फक्त पाठवण्याच्या बाजूला लावावा. सगळेच रिपीटर टोन परत पाठवत नाहीत. ऐकण्याच्या बाजूलाही तो लावून ठेवला, तर मीटर हलताना दिसतो, स्पीकर मात्र गप्प राहतो आणि माणूस अँटेना तपासत बसतो.