स्पिटफायर लहान करता येतं, हवा लहान करता येत नाही

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या फायटरचं मोठं, उडणारं मॉडेल करायचं म्हटलं की बहुतेकांना वाटतं, ओरिजिनल ड्रॉइंग घ्यायचं, प्रत्येक माप चारने भागायचं, झालं १/४ स्केल मॉडेल तयार. मापांपुरतं ते खरंही आहे. गाडी अडते ती वजनापाशी, आणि एकदा तिथे अडली की मॉडेल रंगवून होईपर्यंत डोक्यात दुसरं काही येत नाही.

त्या युद्धातलं प्रसिद्ध ब्रिटिश फायटर स्पिटफायरच घेऊ, कारण सगळ्यांचा जीव त्याच्यावरच जडतो. आर. जे. मिचेल यांचं हे विमान ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं. त्याच्या मार्क ५ या आवृत्तीत पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ साधारण २२.५ चौरस मीटर आणि वजन ३,००० किलोच्या आसपास. आता १/४ करा. विस्तार चारने भागला की २.८१ मीटर. क्षेत्रफळ मात्र १६ ने भागलं जातं, म्हणजे १.४ चौरस मीटर, आणि वजन आकारमानाबरोबर जातं म्हणून ६४ ने, म्हणजे जवळपास ४७ किलो. लांबी, क्षेत्रफळ आणि आकारमान एकाच दराने बदलत नाहीत हे गॅलिलिओने १६३८ मध्येच हाडांचं उदाहरण देऊन सांगितलं होतं, मॉडेलवाल्यांना ते रोज भोगावं लागतं एवढंच.

पण गंमत अशी की हे ४७ किलोचं मॉडेल तसं नीट उडेल. फक्त ते बघायला विचित्र वाटेल. गुरुत्वाकर्षण तेच, हवा तीच, त्यामुळे त्याला हवेत राहायला खऱ्या विमानाच्या निम्मा वेग लागतो (चारचं वर्गमूळ दोन, म्हणून), पण विमान तर चौपट लहान आहे, म्हणजे स्वतःच्या लांबीएवढं अंतर ते निम्म्या वेळात पार करणार. बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी फिल्म दुप्पट स्पीडने लावलीय. सिनेमावाले मॉडेल शूट करताना कॅमेरा जास्त फ्रेमवर चालवतात ते याचसाठी, १/४ ला दुप्पट.

डोळ्याला खऱ्यासारखं दिसायचं तर वेगही पाव हवा. म्हणजे वेग आणखी निम्मा, आणि त्यासाठी वजन ४७ च्या पाव, १२ किलोच्या आत. पावणेतीन मीटरच्या विमानात इंजिन, सर्वो (रिमोटच्या इशाऱ्यावर पंखाचे-शेपटाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), चाकं आत घेणारी यंत्रणा, बॅटऱ्या हे सगळं १२ किलोत बसवणं फारच अवघड, त्यामुळे बरीच मोठी मॉडेल्स २० किलोच्या आसपास थांबतात, आणि मला विचाराल तर तिथे थांबणं चांगलंच आहे, कारण त्याखाली गेलं की वाऱ्याची प्रत्येक झुळूक विमानाला ढकलत राहते.

म्हणजे सगळी लढाई ग्रॅमची. मॉडेल ज्यापासून बनवतात ते हलकं बाल्साचं लाकूड बघा. ३ मिमी जाड, १० सेमी रुंद, एक मीटर लांब अशा दोन शीट शेजारी ठेवल्या तर दिसायला जुळ्या, पण काट्यावर एक ३० ग्रॅम आणि दुसरी ६० ग्रॅम निघू शकते, कारण झाड कसं वाढलं त्यावर बाल्साची घनता ठरते. म्हणून आधी प्रत्येक शीट वजन करून त्यावर पेन्सिलीने आकडा लिहायचा, हलकी शेपटाकडे, कडक आणि जड पंखाच्या स्पारला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आतल्या लांब तुळईला. शेपटाकडे एवढा कंजूषपणा का, तर खऱ्या स्पिटफायरच्या नाकात मर्लिन इंजिन होतं, विमानाच्या एकूण वजनाचा जवळपास पाव हिस्सा. मॉडेलचं इंजिन एकूण वजनाच्या मानाने त्यापेक्षा खूपच हलकं, त्यात शेपूट लांब आणि नाक आखूड, त्यामुळे शेपटात वाढलेल्या एका ग्रॅमसाठी नाकात दोन-अडीच ग्रॅम शिसं भरावं लागतं. आणि न भरून चालत नाही, गुरुत्वमध्य मागे राहिला तर विमान आवरत नाही.

आता हवेचं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये पाइपातून पाणी सोडून जे प्रयोग केले त्यातून आलेला रेनॉल्ड्स नंबर इथे कामाला येतो. साध्या भाषेत, प्रवाहात वेगाचा जोर चिकटपणाच्या मानाने किती भारी आहे त्याचा तो आकडा. खरं स्पिटफायर उतरताना हा आकडा ५० लाखांच्या आसपास, आपल्या १/४ मॉडेलचा साडेचार लाख. आकडा खाली आला की हवा पंखाला धरून राहायला कुरकुर करते आणि लवकर सुटते, म्हणजे स्टॉल. आणि स्पिटफायरचा तो सुंदर लंबगोल पंख टोकाकडे निमुळता होत जातो, तिथे रुंदी कमी म्हणून रेनॉल्ड्स नंबर अजून खाली, एक-दीड लाख. टोक आधी स्टॉल झालं की विमान एका अंगावर पलटी खातं, आणि हे नेमकं उतरताना, जमीन जवळ असताना होतं. खऱ्या विमानातही पंखाला पीळ दिलेला होता, मुळाशी अधिक २ डिग्री आणि टोकाला उणे अर्धा, म्हणजे मुळाकडचा भाग आधी स्टॉल व्हावा. मॉडेलमध्ये काही जण हा पीळ थोडा वाढवतात, ते बरोबरच करतात, कुणाला दिसतही नाही.

म्हणूनच मॉडेल मोठं करावं. लोक मोठ्याला घाबरतात, पण हवेत मोठं मॉडेल जास्त शांत असतं. विमानाचं वळण्याला होणारं जडत्व लांबीच्या पाचव्या घाताने बदलतं, १/४ ला ते खऱ्याच्या हजाराव्या भागाएवढं होतं, १/१२ ला अडीच लाखाव्या भागाएवढं. छोटं मॉडेल हवेत सतत थरथरतं ते त्यामुळे.

रंगाचंही एक आहे. ओरिजिनलचा अगदी तोच शेड मारला तर मॉडेल गडद दिसतं. १० मीटरवरून बघितलेलं १/४ मॉडेल म्हणजे ४० मीटरवरचं खरं विमान, आणि मधल्या हवेमुळे लांबचा रंग फिका होतो, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळतात. थर मात्र पातळ, रंगालाही वजन असतं.

पहिलंच मोठं मॉडेल करणार असाल तर माझं मत, स्पिटफायर नको, त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश फायटर हॉकर हरिकेन घ्या. स्पिटफायरची चाकं बाहेरच्या बाजूला दुमडतात म्हणून त्यांच्यातलं अंतर फक्त पावणेदोन मीटर, १/४ ला ४५ सेंटिमीटरही नाही, आणि वर पावणेतीन मीटरचे पंख, आडवा वारा आला की टोक जमिनीला घासलंच. हरिकेनची चाकं आतल्या बाजूला दुमडतात, उभं राहताना लांब लांब असतात, पंखही जाड आहे, त्यामुळे स्पार उंच करता येतो आणि तेवढ्याच वजनात जास्त मजबूत होतो.