विश्वकोश-लेखनातून राजकीय समाजशास्त्राचे अध्ययन

राजकीय समाजशास्त्राच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात सत्रान्त निबंधाऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात नवा लेख लिहिण्याचे अथवा जुना सुधारण्याचे काम विद्यार्थ्यांना नेमून देण्याची अध्यापनपद्धती. सत्ता, राज्यसंस्था, अधिमान्यता, अभिजनवर्ग, पक्षसंघटना, सामाजिक चळवळी हे तिचे नेहमीचे विषय.

पद्धतीच्या आरंभाबद्दल एकमत नाही. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. वर्गात त्याचा वापर त्यानंतर काही वर्षांतच होऊ लागला असावा. सुरुवातीचे प्रयोग एकेकट्या प्राध्यापकांनी केले. २००८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील लॅटिन अमेरिकी साहित्याच्या वर्गाने लिहिलेल्या लेखांपैकी तीन इंग्रजी विकिपीडियावर ‘विशेष लेख’ या सर्वोच्च श्रेणीस पोचले, आणि या पद्धतीकडे लक्ष वेधले गेले. काही लेखक आरंभ २०१० मध्ये धरतात. त्या वर्षी विकिमीडिया फाउंडेशनने अमेरिकी विद्यापीठांत सार्वजनिक धोरण या विषयापुरता उपक्रम हाती घेतला. मात्र तो संस्थात्मक पाठबळाचा आरंभ होय. पद्धत त्याआधीची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. समाजशास्त्रापुरते पाहिले तर अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनने २०११-१२ च्या सुमारास, एरिक ओलिन राइट यांच्या पुढाकाराने, सभासदांना आपल्या विषयाचे लेख सुधारण्याचे आवाहन केले. उत्तर अमेरिकेतील वर्गांना साहाय्य करण्यासाठी २०१३ मध्ये विकी एज्युकेशन फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था निघाली. भारतात २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत असाच कार्यक्रम झाला. उतारेच्या उतारे जसेच्या तसे उतरवले गेल्याने स्वामित्वहक्कभंगाच्या तक्रारी वाढल्या आणि तो त्याच वर्षी थांबवावा लागला.

लेखनाचा क्रम थोडक्यात असा : विषयाची निवड, धूळपाटीवरील (सरावाच्या पानावरील) मसुदा, सहाध्यायांचे परीक्षण, मुख्य लेखात स्थलांतर. खरे शिक्षण बहुधा त्यानंतर घडते. एखादा विद्यार्थी ‘अनेक अभ्यासकांच्या मते मध्यमवर्गाचा विस्तार लोकशाहीला पोषक ठरतो’ असे लिहितो. कोणी अनोळखी संपादक त्यावर ‘कोण?’ असा साचा (ठरावीक सूचनेची खूण) लावतो. आता नावे द्यावीच लागतात. शोध घेता लिप्सेट यांनी १९५९ मध्ये आर्थिक विकास व लोकशाही यांचा संबंध मांडल्याचे दिसते. बॅरिंग्टन मूर यांनी १९६६ मध्ये बूर्झ्वा (भांडवलदार) वर्गाला निर्णायक मानल्याचेही दिसते. आणि रूशमायर व दोघे स्टीव्हन्स यांनी १९९२ मध्ये तो भार कामगारवर्गावर टाकल्याचे कळते. ‘अनेक अभ्यासक’ तीन परस्परविरोधी भूमिकांत विभागले जातात. निबंधात हे विधान सहज खपले असते. विकिपीडियावर मूळ संशोधनास, म्हणजे लेखकाच्या स्वतःच्या अप्रकाशित मतांना व निष्कर्षांना, मज्जाव असल्याने यातली कोणती भूमिका आपल्याला पटते हे मात्र लिहिता येत नाही. काही प्राध्यापकांना ही पद्धतीची मोठी उणीव वाटते, म्हणून ते चिकित्सक टिपण वेगळे मागतात.

या विषयात माध्यम हेच अभ्यासवस्तू बनते. प्रचालकांचे (व्यवस्थापन सांभाळणाऱ्या सदस्यांचे) अधिकार, मतैक्याची रीत, चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा उलटवापसी (दुसऱ्याचा बदल रद्द) करण्यास मनाई, हे सारे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या कायदेशीर-विवेकी (नियमांवर आधारलेल्या) अधिसत्तेचे हाताशी असलेले उदाहरण. सर्वाधिक चर्चा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्सच्या अल्पजनसत्तेच्या पोलादी नियमाची होते. समाजवादी पक्षांच्या, विशेषतः जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अभ्यासावरून त्याने १९११ मध्ये असा निष्कर्ष काढला, की संघटना लोकशाहीवादी असली तरी सूत्रे शेवटी मूठभरांच्या हाती जातात. पिओत्र कोनिएच्नी यांनी २००९ मध्ये विकिपीडियाच्या धोरणनिर्मितीचा मागोवा घेऊन हा नियम तेथे पुरता लागू पडत नसल्याचे प्रतिपादिले; संवाद स्वस्त असणे आणि प्रत्येक कृतीची नोंद उघडी राहणे ही त्यामागची कारणे. शॉ व हिल यांना २०१४ मध्ये ६८३ विकींच्या (सामूहिक संपादनाच्या संकेतस्थळांच्या) पाहणीत उलट चित्र दिसले : विकी वाढतो तशी आरंभीच्या चमूची पकड घट्ट होते. दोन्ही निष्कर्ष समोरासमोर ठेवण्याची प्रथा असली तरी पहिल्याचा विषय विकिपीडिया, दुसऱ्याचा इतर विकींचा समूह. त्यामुळे एकाने दुसऱ्याचे खंडन होते असे म्हणणे धाडसाचे. स्वतःचा परिच्छेद उलटवला गेलेल्या विद्यार्थ्याला शॉ-हिल अधिक पटतात, हे ओघानेच आले.

मूल्यमापनात इतिहास-पानाचा उपयोग होतो. कोणी कधी काय घातले हे तेथे दिसत असल्याने गटकार्यातील कामचुकार लपत नाही. गुण लेख टिकण्याशी जोडू नयेत असा संकेत आहे, कारण पुढे तो बदलतो वा वगळलाही जातो. म्हणून विशिष्ट आवृत्तीचा कायमचा दुवा व चर्चापानावरील उत्तरे तपासली जातात.