डब्यावरचं डीएचए आणि आईच्या दुधातलं डीएचए

आमच्या चुलत वहिनीने परवा फॉर्म्युलाच्या डब्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, यात डीएचए आहे म्हणजे फॅटच्या बाबतीत आईच्या दुधासारखंच झालं ना? प्रश्न साधा वाटतो पण यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीये, डीएचए हे एक फॅटी ॲसिड (फॅट ज्यांपासून बनतं त्यातला एक घटक, ओमेगा-३ प्रकारातला) आहे आणि दुधातलं फॅट हे अख्खं प्रकरण आहे.

आधी डीएचए. रेणू दोन्हीकडे अगदी तोच, त्यात खोटं काही नाही. डब्यातलं बहुतेक वेळा समुद्री शेवाळातून काढतात (काही ठिकाणी माशाच्या तेलातून), सोबत एआरए नावाचं दुसरं एक फॅटी ॲसिड असतं ते एका बुरशीपासून. अमेरिकेत असे डबे २००२ पासून मिळायला लागले आणि युरोपात फेब्रुवारी २०२० पासून डीएचए घालणं सक्तीचं झालं, १०० कॅलरीला २० ते ५० मिलीग्रॅम. त्याने बाळ हुशार होतं का, तर वेळेवर जन्मलेल्या बाळांवरच्या अभ्यासांत ठोस फायदा बहुतेक दिसलेला नाही, त्यामुळे निव्वळ तेवढ्यासाठी महागडा डबा घ्यायची घाई नको.

डब्यातलं प्रमाण ठरलेलं असतं, आईचं मात्र ताटावर अवलंबून. जगभरची सरासरी काढली तर दुधातल्या एकूण फॅटी ॲसिडच्या ०.३२ टक्के डीएचए, पण कुठे ०.०६ तर कुठे १.४, एवढा फरक, आणि जास्त आकडे मासे खाणाऱ्या किनारपट्टीच्या बायकांचे. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाचे लाडू, जवसाची चटणी देतात, ते चांगलंच आहे, पण त्यातलं ओमेगा-३ हे एएलए नावाचं वेगळं फॅटी ॲसिड, शरीर त्याचं डीएचए फारच थोडं करतं. म्हणजे जवस खाऊन दुधातलं एएलए वाढतं, डीएचए जवळपास तिथेच राहतं!! बांगडा, तारली खाणाऱ्यांना हा प्रश्न नाही (मोरी म्हणजे शार्क मात्र टाळा, मोठ्या माशात पारा साठतो), शाकाहारी असाल तर शेवाळाच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्या.

आता ज्याबद्दल डब्यावर सहसा कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही ते, पामिटिक ॲसिड. आईच्या दुधातल्या फॅटी ॲसिडमध्ये साधारण २० ते २५ टक्के हेच असतं आणि डब्यात पामोलीन घालून ते प्रमाण जुळवतात, म्हणजे कागदावर दोन्ही सारखे. पण फॅटचा रेणू म्हणजे तीन खुंट्यांची पट्टी समजा, प्रत्येक खुंटीवर एक फॅटी ॲसिड लटकवलेलं. आईच्या दुधात पामिटिक मोठ्या प्रमाणात, जवळजवळ ७० टक्के, मधल्या खुंटीवर असतं, पामोलीनमध्ये मुख्यतः कडेच्या दोन खुंट्यांवर. बाळाच्या पोटातली एन्झाइम्स कडेचे दोन तोडतात आणि मधला पट्टीसकट आत शोषला जातो. मग डब्यातलं पामिटिक कडेला असल्यामुळे सुटं होतं, कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचा चक्क साबण बनतो, अक्षरशः रसायनशास्त्रातला साबण, तो शीबरोबर बाहेर. डब्याच्या दुधावरच्या बाळांची शी घट्ट होते त्यामागे हे एक कारण, आणि त्यात थोडं कॅल्शियम आणि फॅटही वाया जातं. मधल्या खुंटीवर पामिटिक बसवलेलं फॅट आता बनवतात आणि काही डब्यांत घालतातही, पण सगळ्याच डब्यांत नसतं.

आणखी एक, आईचं दूध एकाच पाजण्यातही बदलतं, सुरुवातीला पातळ आणि शेवटी फॅट जास्त, म्हणून सारखी बाजू बदलू नका म्हणतात. डबा पहिल्या घोटापासून शेवटच्यापर्यंत एकसारखा.

वहिनीचा पुढचा प्रश्न, काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावर पिवळसर थर आलाय, नासलं का? नाही हो, आईच्या दुधातले फॅटचे थेंब मोठे असतात म्हणून वर तरंगतात, डब्यातले मशीनने बारीक केलेले असतात आणि लेसिथिन (फॅट आणि पाणी एकत्र धरणारा पदार्थ) घालून धरून ठेवलेले. बाटली हलक्या हाताने फिरवली की थर मिसळतो, ओतून देऊ नका.