सीबॅम : ५० टनांची सवलत नेमकी कोणाला, आणि कागदपत्रे कुठे अडतात

युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचे, म्हणजे व्यवहारात ज्याला सगळे ‘सीबॅम’ म्हणतात त्याचे, नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये सुटसुटीत करण्यात आले आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा आकारणीचा टप्पा सुरू झाला. बाहेरून युरोपात येणारा पोलादासारखा माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातदाराकडून शुल्क घेणारी ही यंत्रणा आहे. नियम सोपे झाल्याची बातमी आपल्याकडील नट-बोल्ट, फोर्जिंग आणि अ‍ॅल्युमिनियमच्या लहान कारखान्यांपर्यंत मात्र अर्धीच पोहोचली आहे.

सीबॅमखालील अधिकृत घोषणाकर्त्याचा, म्हणजे आयातीच्या उत्सर्जनाचा हिशेब देण्याची परवानगी असलेल्याचा, अर्ज निर्यातदाराने करायचाच नसतो. तो युरोपातील आयातदाराने किंवा त्याच्या सीमाशुल्क प्रतिनिधीने करायचा असतो. त्यामुळे ‘तुमची सीबॅम नोंदणी करून देतो’ असे म्हणून कोणी पैसे मागितले, तर नेमकी कोणती नोंदणी, हे आधी विचारावे. उत्पादक म्हणून सीबॅमच्या पोर्टलवर कारखान्याची नोंद करता येते. ती ऐच्छिक असली, तरी पाच ग्राहकांना पाच वेळा तीच माहिती पाठवण्याचा त्रास वाचतो.

सर्वाधिक गैरसमज आहे तो ५० टनांच्या मर्यादेबद्दल. ही मर्यादा तुमच्या कंटेनरला नाही आणि तुमच्या कारखान्यालाही नाही. ती एका आयातदाराने एका कॅलेंडर वर्षात सर्व देशांतून मागवलेल्या पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट आणि खतांच्या एकत्रित निव्वळ वजनाला आहे. तुम्ही १२ टनच बोल्ट पाठवले, पण त्याच ग्राहकाने अन्यत्रून ४० टन घेतले, तर तुमच्या १२ टनांचाही हिशेब द्यावा लागतो. तेव्हा ‘आम्ही लहान आहोत’ असे उत्तर पाठवण्याआधी ग्राहकाकडून त्याची वर्षाची अंदाजित आयात लेखी मागवून घ्यावी.

त्यानंतर माल यादीत आहे का ते पाहावे. सीमाशुल्काच्या वर्गवारीतले नट-बोल्टचे ७३१८ आणि पोलादाच्या इतर वस्तूंचे ७३२६ हे शीर्षक-क्रमांक यादीत आहेत, तर कास्टिंगचे ७३२५ हे २०२६ च्या सुरुवातीच्या यादीत नाही. केवळ एका अंकाच्या फरकाने फाउंड्रीवाल्याची सुटका होते किंवा तो अडकतो.

खरी अडचण आहे ती जवळपास कोणाकडेच नसलेल्या कागदाची : कच्चे पोलाद ज्या गिरणीत तयार झाले, तिथल्या उत्सर्जनाची प्रतिटन आकडेवारी. एका उद्योजकाने माझ्यासमोर मिल टेस्ट सर्टिफिकेट (गिरणीने दिलेला धातूच्या घटकांचा दाखला) ठेवून ‘कार्बन ०.४५ टक्के’ या ओळीवर बोट ठेवले आणि ‘कार्बन लिहिलेला आहे ना?’ असे विचारले. तो धातूमधला कार्बन होता, धुरांड्यातला नव्हे. पण या चुकीला हसण्यात अर्थ नाही, कारण फरक समजावणारी सोपी सूचना त्याला कोणीच दिलेली नव्हती. व्यापाऱ्याकडून सळई घेणाऱ्याला गिरणी कोणती हेही अनेकदा ठाऊक नसते, म्हणून खरेदीच्या ऑर्डरमध्येच ही माहिती देण्याची अट घालावी. ती मिळाली नाही, तर आयातदार ठरावीक प्रमाणमूल्ये वापरतो आणि ती मुद्दाम चढी ठेवलेली असतात. प्रत्यक्ष आकडे द्यायचे असतील, तर त्यांची मान्यताप्राप्त पडताळणीदाराकडून तपासणी लागते. महावितरणची बारा बिले जोडणेही निरुपयोगी आहे, कारण पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी सध्या थेट उत्सर्जनच धरले जाते, विकत घेतलेल्या विजेमागचे नाही.

त्यात वर्षाचा घोळ आहे. आपल्या ताळेबंदाचे आणि मोठ्या सूचीबद्ध कंपन्या मागतात त्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता अहवाल) माहितीचे वर्ष एप्रिल ते मार्च, तर सीबॅमचे जानेवारी ते डिसेंबर. एकच इंधननोंदवही महिनावार ठेवली, तर दोन्ही हिशेब त्यातूनच निघतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मात्र यांपैकी कशाचीच जागा घेत नाही, आणि भारताच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची उद्दिष्टे अधिसूचित कारखान्यांपुरतीच आहेत.

२०२६ च्या आयातीचे पहिले घोषणापत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे आणि हे शुल्क ज्यांतून भरले जाते त्या सीबॅम प्रमाणपत्रांची विक्री १ फेब्रुवारी २०२७ पासून आहे. या तारखा आयातदाराच्या आहेत. तुमचे आकडे त्याला २०२७ च्या सुरुवातीलाच लागतील. ब्रिटनला माल जात असेल, तर तिथली स्वतंत्र यंत्रणा १ जानेवारी २०२७ पासून लागू होत असून तिची मर्यादा टनांत नव्हे, तर बारा महिन्यांतील ५०,००० पौंडांच्या आयातीत मोजली जाते.