सेवाश्वान-पिल्लांचे संगोपन
सेवाश्वान-पिल्लांचे संगोपन म्हणजे दृष्टिहीन किंवा अन्यथा दिव्यांग व्यक्तींच्या सोबतीसाठी पुढे शिकवावयाचे पिल्लू स्वयंसेवी कुटुंबाने विनामोबदला घरी वाढविण्याची पद्धत. पिल्लू साधारणपणे आठव्या आठवड्यात घरी येते व सव्वा-दीड वर्षाचे झाल्यावर प्रशिक्षणासाठी संस्थेकडे परत जाते.

मार्गदर्शक श्वानांची पहिली संघटित शाळा १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी निघाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. घरगुती संगोपनाची पद्धत मात्र तितकी जुनी नाही. ब्रिटनमध्ये ती १९५६ पासून रूढ झाली. परंतु न्यू जर्सीतील ‘द सीइंग आय’ या संस्थेने १९४२ च्या सुमारास फोर-एच या युवक मंडळांतील मुलांकडे पिल्ले सोपविली होती, त्यामुळे अग्रमान या उपक्रमाकडे जातो.

पद्धतीचा शास्त्रीय आधार नंतर मिळाला. स्कॉट व फुलर या श्वानवर्तनाच्या अभ्यासकांनी पिल्लाच्या सामाजिक घडणीचा, म्हणजे माणसे व परिसर यांना सरावण्याचा, काळ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या आसपास मानला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदाव्या आठवड्यापर्यंत मानवी स्पर्शापासून दूर ठेवलेली पिल्ले माणसाला बुजणारीच राहिली. या काळाला पूर्वी ‘निर्णायक’ म्हणत. पुढील अभ्यासकांनी वापरलेला ‘संवेदनक्षम’ हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण या काळाच्या कडा जात व अनुभव यांनुसार सरकतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात याच मुद्द्यावर खरी अडचण येते. पार्व्हो व डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणुजन्य रोगांवरील लशींची प्राथमिक मालिका सोळाव्या आठवड्याच्या सुमारास संपते, म्हणजे घडणीचा काळ ओसरल्यावर. आणि गल्लीत मोकाट कुत्री असल्याने तोवर पिल्लाला जमिनीवर सोडणे धोक्याचे असते. त्यावर सोपा उपाय म्हणजे पिल्लाला बुट्टीत जुने लुगडे घालून बसवावे, वर हात ठेवावा आणि खडेबाजारातून तसेच फिरवून आणावे. रिक्षाचा भोंगा, मिरचीचा खाट, भांड्यांचा खणखणाट हे सारे त्याला उंचावरून, सुरक्षितपणे ओळखीचे होते. गणेशोत्सवातील ढोल-ताशा आणि चिकोडी-अथणीकडील उसाच्या ट्रॉल्या यांची सवय प्रथम दुरून लावावी लागते.

भाषेचा प्रश्न या भागाचा खास आहे. घरात ‘ये’, शेजारी कन्नड ‘बा’, पलीकडच्या गल्लीत उर्दू ‘आ’ अशी तीन हाकांची पिल्लाला सवय झाली, तर आज्ञा आणि गलका यांतील फरक त्याला उमगत नाही; म्हणून संस्थेने ठरविलेला एकच शब्द घरातील आजीपासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांनी वापरावयाचा असतो. जेवणाच्या पंगतीतून भाकरीचा तुकडा टाकणाऱ्या पाहुण्याला आवरणे त्याहून अवघड असते.

लगतच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाउंड या प्रसिद्ध जातीचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. तिचे पूर्वज पश्चिम किंवा मध्य आशियातून आले असावेत, असे शरीरठेवणीवरून सामान्यतः मानले जाते. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने तिची जोपासना केली, हे मात्र निश्चित. नजरेने सावज हेरून धावणारा हा कुत्रा पहाऱ्याला उत्तम असला, तरी समोरून ससा पळाला की थांबून राहणे त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळे मार्गदर्शक श्वान म्हणून मुख्यतः लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर व त्यांचा संकर निवडला जातो. प्रशिक्षणात न टिकलेले पिल्लू कायमचे सांभाळण्याची पहिली विचारणा बहुधा संगोपक कुटुंबालाच होते.