पीयूसीचं मशीन की वाइडबँड मीटर? जुन्या गाडीचं मिक्स्चर बघायला आधी काय

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून आकडे वाचणारं यंत्र, त्याचा विषय आधीच संपवतो, कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला तो लावायला सॉकेटच नसतं, त्यामुळे ऑनलाइन स्वस्तात दिसला म्हणून मागवू नका. जुन्या गाडीचं मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, बघायला खरे पर्याय दोनच. एक गॅस ॲनालायझर, म्हणजे पीयूसीवाल्याकडं सायलेन्सरमध्ये नळी घालतात ते मशीन, आणि दुसरं एक्झॉस्टच्या पाइपला सेन्सर बसवून डॅशबोर्डवर आकडा दाखवणारं वाइडबँड मीटर. दोन्ही धूरच बघतात, मग दोन्ही एकच की, असं बरेच जण धरून चालतात. मी पण तसंच धरलं होतं.

फरक असा आहे की वाइडबँड मुख्यतः धुरातल्या ऑक्सिजनवरून अंदाज बांधतं. ऑक्सिजन शिल्लक राहिला तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि नसला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. पेट्रोलसाठी १४.७ हा मधला आकडा, म्हणजे १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा. त्यापेक्षा आकडा वर गेला की लीन, खाली आला की रिच, बास एवढंच ते सांगतं. गॅस ॲनालायझर मात्र सीओ, एचसी आणि सीओटू हे इन्फ्रारेडनं वेगवेगळे मोजतं, चार गॅसचं असेल तर ऑक्सिजनसाठी वेगळा सेल असतो. सीओ म्हणजे अर्धवट जळालेलं पेट्रोल, एचसी म्हणजे जळालंच नाही ते. हे दोन आकडे वेगळे दिसतात यातच सगळी मजा आहे.

माझी मारुती ८०० १९९७ ची. मागच्या उन्हाळ्यात आयडलिंगला थरथरायला लागली, वाइडबँड बसवलेलंच होतं, त्यावर १६ च्या वर आकडा. लीन दिसतंय म्हणून मी कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू थोडा थोडा बाहेर काढत गेलो (बाहेर काढला की पेट्रोल वाढतं), तरी आकडा काही खाली येईना, उलट गाडीमागं पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज पार झोपलं. शेवटी विजापूर रोडला एका पीयूसीवर गेलो, म्हटलं काका सर्टिफिकेट राहू द्या, आधी स्क्रीनवरचे चारही आकडे दाखवा. सीओ जवळपास ४ टक्के, एचसी २००० पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) वर, आणि ऑक्सिजन पण भरपूर! आता रिच गाडीत ऑक्सिजन उरतोच कसा? उरतो, कारण तीनपैकी एक सिलिंडर पेटतच नव्हता, त्यातली हवा आणि पेट्रोल जसंच्या तसं बाहेर पडत होतं, तो ऑक्सिजन बघून मीटर लीन म्हणत होतं आणि मी बाकीच्या दोन चांगल्या सिलिंडरांना उगाच पेट्रोल पाजत होतो. प्लगची एक वायर चिरली होती. वायरचा सेट बदलला, स्क्रू परत आत घेतला, थरथर गेली.

म्हणून मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसल्याची शंका असेल तर आधी ॲनालायझर, हे मी आता ठामपणे सांगतो. एचसी जास्त, सीओ कमी, ऑक्सिजन जास्त असेल तर कार्बोरेटरला हात लावायच्या आधी प्लग, वायर, इग्निशनचे पॉइंट बघा, नाहीतर कुठून तरी हवा खेचून मिक्स्चर इतकं लीन झालंय की पेटत नाही. सीओ जास्त आणि ऑक्सिजन जवळजवळ नाही, तर खरंच रिच, मग चोक अडकलाय का, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची लेव्हल, एअर फिल्टर हे बघा. आणि पास झाली म्हणजे मिक्स्चर बरोबर असं पण नाही, या जुन्या गाड्यांना सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत पास आहे.

एक गोष्ट दोघांनाही फसवते, सायलेन्सर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट लीक. बाहेरची हवा आत शिरते आणि लीन दिसतं. ॲनालायझरवर निदान सीओटू बघून कळतं, तो १३ ते १५ टक्क्यांच्या बराच खाली असेल तर आधी लीक शोधा.

मग वाइडबँड कशाला? चालत्या गाडीसाठी. पीयूसीची टेस्ट उभ्या गाडीची, आणि नळीतून धूर मशीनपर्यंत पोचायला काही सेकंद जातात. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) पुरतोय का, हे आयडलिंगवरून कधीच कळणार नाही. तिथं लोडवर साधारण १२.५ ते १३ दिसायला पाहिजे, १५ दिसला तर पाय काढा, इंजिन तापतं. प्लग आणि वायर ठीक असतील तर जेट ठरवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आलंय, त्याला जळायला हवा कमी लागते, मधला आकडा साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्या हिशोबानंच पेट्रोल सोडतो, म्हणून गाडी आधीपेक्षा लीन चालते. पण मीटरवर १३.५ धरून जेट बदलू नका, मीटर आतून लॅम्डा, म्हणजे मिळालेली हवा लागणाऱ्या हवेच्या किती पट आहे, ते मोजतं आणि त्याला १४.७ नं गुणून दाखवतं, त्यामुळे ई२० वर पण मधला आकडा १४.७ च येतो. मीटरला लॅम्डाचं सेटिंग असेल तर तेच लावून ठेवा, १ म्हणजे बरोबर.

पैशाचं म्हणाल तर ॲनालायझर विकत घ्यायची गरजच नाही, पीयूसीवाल्याला थोडे पैसे देऊन चार आकडे बघून घ्या. वाइडबँडला पाइपवर सेन्सर बसवायचा नट वेल्डिंग करून घ्यावा लागतो, तो पाइपच्या वरच्या बाजूला घ्या, खाली घेतला तर सकाळी थंड गाडीतलं पाणी गरम सेन्सरवर पडतं आणि सेन्सर तडकतो.